मोजलेला वेळ आणि दिलेले अवधान

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन झाले पाहिजे, असे घालून दिलेले आहे. ही तरतूद आवश्यकच होती, कारण जिथे शाळेचे दारच उघडत नाही तिथे मुलाच्या हक्काला काही अर्थ उरत नाही. परंतु या आकड्यांच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न आहे आणि तो कायद्याच्या भाषेत विचारता येत नाही. शाळेने दिलेला तास आणि त्या तासाला मुलाने दिलेले मन या दोन भिन्न वस्तू असतील, तर पहिलीवर राज्याचा अधिकार चालतो हे उघड आहे. मग दुसरीवर कोणाचा चालतो? बाकावर बसलेल्या मुलाकडे शाळेचे लक्षाचे काही येणे असते काय, आणि ते येणे शिस्तीच्या बळावर वसूल करता येते काय? पालघर जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. एका बाजूला बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांनी बांधलेला दिवस आणि दुसऱ्या बाजूला डहाणू, जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवर पावसाने, गुरांनी आणि स्थलांतराने बांधलेले वर्ष, अशा दोन कालगणना इथे शेजारी शेजारी नांदतात, आणि शाळेची घंटा या दोन्हींच्या मध्ये वाजते.

शिक्षणशास्त्राने या प्रश्नाची एक बाजू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बऱ्याच काटेकोरपणे मांडली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरॉल यांनी १९६३ साली असे सुचवले की, एखादी गोष्ट किती शिकली गेली हे, ती शिकायला त्या विद्यार्थ्याला लागणारा वेळ आणि त्याने प्रत्यक्षात दिलेला वेळ यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. पुढे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात झालेल्या संशोधनाने दिलेल्या वेळाचेही थर वेगळे केले: वेळापत्रकात नेमलेला वेळ, त्यातला विद्यार्थी कामात गुंतलेला वेळ, आणि त्यातलाही असा वेळ की ज्यात काम त्याला बहुतांशी जमत असते. शिकणे घडते ते या शेवटच्या, सर्वांत आतल्या थरात, आणि तो थर नेमलेल्या तासांच्या मानाने फार पातळ असू शकतो. कॅरॉल यांच्या मांडणीत एक बारकावा आहे, त्याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. शिकायला 'लागणारा' वेळ हा मुलाच्या बुद्धीचा एकट्याचा गुणधर्म नसून शिकवण्याचा दर्जा आणि सूचना समजण्याची मुलाची क्षमता यांवरही तो कमीजास्त होतो. घरी वारली बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीपुढे प्रमाण मराठीतला धडा ठेवला, की तिला लागणारा वेळ त्याच क्षणी वाढतो. घड्याळातला तास मात्र तेवढाच राहतो, आणि मग जी मुलगी मागे पडते तिच्याविषयी 'हिचे लक्ष नसते' असा शेरा पडतो. येथे शेऱ्याचा रोख चुकलेला असतो, कारण वाढलेला वेळ हा मुलीने केलेला खर्च नसून तिच्यावर लादलेला खर्च असतो.

कॅलिफोर्नियातल्या त्या संशोधनाची पद्धत निरीक्षणाची होती: निरीक्षक वर्गात बसून ठरावीक अंतराने एकेका मुलाकडे पाहणार, त्याची नजर पुस्तकावर किंवा फळ्यावर आहे की नाही याची खूण करणार. भारतीय दर्शनांना या पद्धतीतला धोका फार पूर्वी कळला होता. न्यायदर्शनाच्या मते ज्ञान उत्पन्न होण्यासाठी विषयाचा इंद्रियाशी संयोग पुरत नाही, तर इंद्रियाशी मनाचा आणि मनाशी आत्म्याचाही संयोग लागतो. मन हे अणुपरिमाण, म्हणजे एका वेळी एकाच ठिकाणी असू शकेल इतके सूक्ष्म आहे, आणि दोन ज्ञाने एकाच क्षणी उपजत नाहीत हीच मनाच्या अस्तित्वाची खूण आहे, असे न्यायसूत्रकार मानतात. बृहदारण्यक उपनिषदातही मन अन्यत्र असल्यामुळे पाहिले नाही, ऐकले नाही, या नित्याच्या अनुभवावरूनच मनाची सिद्धी केलेली आहे. या भूमिकेतून पाहिले तर फळ्यावर खिळलेला डोळा काहीच सिद्ध करत नाही; मुलाचे मन घरी झोळीत ठेवून आलेल्या धाकट्या भावापाशी असेल, तर डोळा, फळा आणि प्रकाश हे सारे जागच्या जागी असूनही ज्ञानाची साखळी तुटलेलीच राहते. उलट, खिडकीबाहेर पाहणारे मूल शिक्षकाच्या शब्दांत पूर्ण बुडालेले असू शकते. न्यायदर्शनाचा आणखी एक परिणाम शिक्षकाने ध्यानात घ्यावा असा आहे: मन एका वेळी एकाच ठिकाणी असते याचा अर्थ 'लक्ष नसलेले मूल' असे काही नसतेच, असते ते लक्ष दुसरीकडे असलेले मूल. जागे मन रिकामे बसत नाही. तेव्हा 'लक्ष का नाही' या प्रश्नाच्या जागी 'लक्ष कुठे आहे' हा प्रश्न यायला हवा, आणि हे केवळ शब्दांचे फेरफार नव्हेत, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा शिक्षेत शोधले जाते आणि दुसऱ्याचे उत्तर शोधायला मुलाच्या पाड्यावर जावे लागते.

मराठी भाषेत लक्ष दिले जाते, चित्त दिले जाते, कान दिला जातो. मन लावून बसलेल्याला दत्तचित्त म्हणतात आणि त्यातल्या 'दत्त'चा अर्थ दिलेले असाच आहे. इंग्रजीत याच क्रियेसाठी मोल चुकते करण्याचे क्रियापद योजतात, आणि एखादी गोष्ट देणे म्हणजे दान की देण्याची परतफेड, याविषयीचा सारा मतभेद त्या दोन क्रियापदांत सामावलेला आहे. ज्ञानेश्वरांनी या बाबतीत घेतलेली भूमिका मराठी वाचकाला परिचित असली, तरी तिचा शिक्षणाच्या दृष्टीने जेवढा विचार व्हायला हवा तेवढा झालेला नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा प्रारंभ श्रोत्यांकडे अवधानाची याचना करून होतो. बोलणारा अधिकारी आहे, विषय गीतेचा आहे, श्रोते संत आहेत, आणि तरीही वक्ता अवधान गृहीत धरत नाही, ते मागतो. आणि ते मिळाले तर श्रोत्यांना काय लाभेल याची प्रतिज्ञाही आधी स्वतः करतो, आणि लगेच ती प्रतिज्ञा गर्वाची नसून लडिवाळपणाची आहे असा खुलासा करतो. म्हणजे अवधान मागण्याच्या कृतीतच मागणाऱ्यावर एक बंधन येते. ज्याने मागितले तो जामीन राहतो. वर्गातल्या तासाला हे तत्त्व लावले, तर शिक्षकाचे पहिले काम शांतता प्रस्थापित करणे हे नसून, समोरच्या मुलाचे अवधान मागण्याइतकी आपल्या धड्याची पात्रता आहे काय, हे पाहणे ठरते.

योग्य वेळ कोणती आणि ती कोण ठरवतो, या उपप्रश्नाचे एक प्राचीन उदाहरण याच जिल्ह्याच्या भूमीशी निगडित आहे. आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पाली ग्रंथांतले सुप्पारक. इथे अशोकाच्या शिलालेखाचे अवशेष मिळाले आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उत्खननाने उजेडात आणला. उदान या पाली ग्रंथात बाहिय दारुचीरिय नावाच्या, झाडाच्या सालीची वल्कले नेसणाऱ्या तपस्व्याची कथा आहे. तो सुप्पारकला समुद्रतीरी राहत होता, लोकांत त्याला मान होता, आणि आपल्याला अजून सत्य कळलेले नाही हे उमजल्यावर तो थेट श्रावस्तीला गेला. बुद्ध त्या वेळी भिक्षेसाठी वस्तीत फिरत होते. बाहियाने रस्त्यातच उपदेश मागितला; बुद्धांनी ही वेळ नव्हे असे सांगितले. त्याने दुसऱ्यांदा मागितला, दुसऱ्यांदाही तेच उत्तर मिळाले. आयुष्याचा भरवसा नाही, तुमचाही नाही आणि माझाही नाही, असे म्हणून त्याने तिसऱ्यांदा मागितल्यावर बुद्धांनी त्याला अगदी थोडक्यात शिकवले: जे पाहिले त्यात केवळ पाहिलेले असू द्यावे, जे ऐकले त्यात केवळ ऐकलेले, आपल्या मनाची भर त्यात घालू नये. बाहियाला तेवढ्यात सारे उमगले. पुढे थोड्याच वेळात एका सवत्स गाईच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला, आणि झटकन ज्ञान होणाऱ्या शिष्यांत बुद्धांनी त्याला अग्रगण्य ठरवले.

या कथेत वेळेच्या दोन व्यवस्था एकमेकींसमोर येतात. भिक्षाफेरीची वेळ ही संस्थेची वेळ आहे आणि तिला स्वतःचे औचित्य आहे. बाहियाची उत्कंठा ही विद्यार्थ्याची वेळ आहे. बुद्धांनी शेवटी संस्थेची वेळ बाजूला ठेवली हे खरे, परंतु ती पहिल्या मागणीला ठेवली नाही, आणि अट्ठकथेने, म्हणजे मूळ ग्रंथावरील परंपरागत भाष्याने, त्याचे दिलेले कारण मार्मिक आहे: लांबचा प्रवास करून आलेल्या बाहियाचे शरीर थकलेले होते आणि बुद्धदर्शनाच्या आनंदाने मन उचंबळलेले होते, ते थोडे निवू द्यायचे होते. आतुरता म्हणजे अवधान नव्हे, हा भेद येथे केलेला आहे. उत्सुक मूल आणि एकाग्र मूल यांच्यात अंतर असते, आणि ते अंतर ओळखून थांबणे हाही शिकवण्याच्या वेळेचाच भाग आहे, जरी वेळापत्रकात तो वाया गेलेला दिसला तरी. मराठीतला 'वेळ' हा शब्द ज्या संस्कृत 'वेला'पासून आला, त्याचा एक अर्थ काळ असा आहे आणि दुसरा समुद्राची मर्यादारेषा, किनारा. सुप्पारकच्या किनाऱ्यावरच्या माणसाला ओहोटीत होडी लोटता येत नाही हे कोणी शिकवावे लागत नाही.

या जिल्ह्याने विसाव्या शतकात याच प्रश्नाला जे उत्तर दिले ते तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात न लिहिता एका टेकडीवर उभे केले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढच्या दशकात हे काम डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या होत्या आणि गिजुभाईंच्या विचारामागे मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत होती. मॉन्टेसरींच्या साऱ्या विचाराचे बीज एका निरीक्षणात आहे: १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले, तेथे सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी नळकांड्या त्यांच्या खाचांत बसवण्याचे काम इतक्या तल्लीनतेने करत होती की, भोवती मुलांना गायला लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिने काम थांबवले नाही, चाळीसहून अधिक वेळा तेच करून ती आपणहून थांबली आणि थकल्याऐवजी विसावल्यासारखी दिसली. त्या वयाच्या मुलाला एकाग्रता जमत नाही हे गृहीतक या एका प्रसंगाने ढासळले. एकाग्रतेचा अभाव मुलात नव्हता, त्याच्यासमोर ठेवल्या जाणाऱ्या वस्तूंत होता.

परंतु रोममधली ती मुलगी बालगृहात आलेली होती. बोर्डीच्या पाड्यांवरची मुले येत नव्हती, आणि येथे ताराबाई-अनुताईंचे स्वतंत्र कर्तृत्व सुरू होते. मॉन्टेसरींनी मुलाच्या अवधानाला साजेशी वस्तू शोधली, या दोघींनी त्याला साजेशी जागा आणि वेळ शोधली. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली गेली आणि तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा देशभर हेच मराठी नाव गेले. परदेशी बनावटीच्या महागड्या साधनांच्या जागी बिया, शंखशिंपले, पाने आणि खडे आले, म्हणजे ज्यांवर त्या मुलांचे डोळे आधीच स्थिरावलेले होते त्याच वस्तूंनी मोजणे आणि वर्गीकरण शिकवले गेले. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे हे शिकवण्याआधीचे काम न मानता शिकवण्याचाच भाग मानले गेले, कारण अंग खाजत असेल तर न्यायदर्शनातल्या त्या अणुएवढ्या मनाला त्वचेपासून हलता येत नाही.

थोडी मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा त्यांच्या मागे कुरणात गेली. कुरणशाळेत शिक्षकाने गुराख्याच्या दिवसाचा स्वभाव समजून घेतलेला असतो: गुरे एकदा चरायला लागली की मुलाच्या हाताला बराच वेळ काम नसते, डोळा मात्र अधूनमधून कळपावर टाकावाच लागतो. या मुलाचे अवधान अखंड नसते आणि तसे असून चालणारही नाही, कारण एखादे जनावर कोणाच्या शेतात शिरले तर घरी जाब त्यालाच द्यायचा असतो. शहरी वर्गात ज्याला चंचलपणा म्हटले गेले असते, तो इथे कर्तव्याचा भाग आहे. कुरणशाळेने तो दोष मानला नाही, त्याच्या फटींत धडा बसवला. मुलींची अडचण आणखी वेगळी होती. धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून घरी राहणारी मुलगी शाळेत आली तरी तिचे मन घरी राहणार, हे ओळखून या दोघींच्या 'विकासवाडी' या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आल्या. भावंड पलीकडच्या खोलीत सुरक्षित आहे हे ठाऊक असलेल्या मुलीचे मन मोकळे होते, आणि ते मोकळे झाल्यावरच ते देण्याचा प्रश्न येतो. अवधानावर आजवर जे तात्त्विक लेखन झाले त्यात मनाच्या निग्रहाची चर्चा विपुल आहे. पण एखाद्याचे मन मोकळे करण्यासाठी दुसऱ्याने काय करावे याची चर्चा विरळ आहे, आणि या उणिवेवर विकासवाडीतला तो पाळणा हे फार मोठे भाष्य आहे.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. शाळा जर नेहमी मुलाच्या लक्षामागे जात राहिली, तर मन जिथे आपणहून जात नाही तिथे ते नेण्याची शक्ती मुलाला कधी येणार? गीतेत अर्जुन मनाच्या चंचलतेची तक्रार करतो तेव्हा त्याला अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले जातात, विषय बदलून दिला जात नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: सतत भरकटणारे क्षिप्त, जडपणात बुडालेले मूढ, मधूनमधून स्थिर होणारे विक्षिप्त, एका विषयावर टिकणारे एकाग्र, आणि सर्व वृत्ती थांबलेले निरुद्ध. साधना सुरू होते ती तिसऱ्या भूमीपासून. हा आक्षेप मान्य करूनही त्यातून कठोर शिस्तीचे समर्थन निघत नाही, कारण अभ्यास म्हणजे स्थैर्यासाठी पुन्हा पुन्हा केलेला स्वतःचा यत्न, आणि तो दुसऱ्याने बाहेरून करून घेता येत नाही. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल हिने १९४२ मध्ये शालेय अभ्यास आणि ईश्वरप्रेम यांच्या नात्यावर लिहिताना म्हटले की शाळेच्या अभ्यासाचे खरे फळ अवधानाची शक्ती हेच आहे, आणि तीच शक्ती पुढे प्रार्थनेत आणि दुःखी माणसाकडे पाहण्यात उपयोगी पडते. पण त्याचबरोबर तिने बजावले की भुवया आवळणे, श्वास रोखणे, स्नायू ताणणे म्हणजे अवधान नव्हे. गणित सुटले नाही तरी त्यावर खरे अवधान दिलेला तास तिच्या मते वाया जात नाही. कोसबाडची पद्धत या कसोटीवर उतरते. पाड्यावरचे मूढ किंवा क्षिप्त ठरवलेले मन तिने विक्षिप्त भूमीपर्यंत, म्हणजे जिथून अभ्यास शक्य होतो त्या उंबरठ्यापर्यंत आणले. उंबरठ्याच्या आतली वाट मुलाने चालायची असते, आणि तिथे थोडी शिस्त, थोडा कंटाळा सोसण्याची सवय, न आवडणाऱ्या पाढ्यांचे पाठांतर यांनाही जागा आहे. ते नाकारणारा शिक्षक मुलावर प्रेम करत असेल, पण त्याच्या शक्तीवर त्याचा विश्वास नसतो.

सिमोन वेलचे नाव इथे आणखी एका कारणासाठी घ्यावे लागते. १९३४-३५ मध्ये ती पॅरिस परिसरातल्या कारखान्यांत मजूर म्हणून राबली आणि यंत्राच्या गतीने थकलेल्या माणसाला विचार करणे कसे अशक्य होते, हे तिने स्वतःच्या शरीरावर पाहिले. तिने जे भोगले ते बोईसर-तारापूरच्या कामगार वस्तीत समजावून सांगावे लागू नये. रात्रपाळी करून आलेला बाप एका खोलीच्या घरात दिवसा झोपलेला असतो, त्याच खोलीत मुलाने आवाज न करता अभ्यास करायचा असतो, आणि वस्तीच्या दिवसाचे भाग कारखान्याचा भोंगा पाडतो. याच जिल्ह्यात 'भोंगा' या शब्दाला दुसराही अर्थ आहे: वीटभट्टीवर मजूर कुटुंबाने हंगामापुरती उभारलेली खोप. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबे दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडाशी परततात, आणि कायद्याने नेमलेल्या दोनशे दिवसांतले बरेचसे दिवस गावची शाळा त्यांच्या मुलांवाचून भरते. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या तेव्हा कुरणशाळेचाच न्याय पुढे नेला, मूल जिथे आहे तिथे वर्ग. तो न्याय योग्यच होता. तरी कुरण आणि भट्टी यांत एक फरक आहे आणि तो अवधानाच्या प्रश्नाला भिडणारा आहे. गुरे चरत असताना गुराख्याचे हात रिकामे असत आणि मन मागता येत होते. भट्टीवरचे मूल आईबापांबरोबर वाळत घातलेल्या कच्च्या विटा उलथत असते, आणि संध्याकाळी ते पाटीसमोर येते तेव्हा त्याचे शरीर दिवसभराच्या कामाने आधीच पिळून निघालेले असते. बाहियासाठी बुद्धांना दोन नकारांइतके थांबावे लागले होते. या मुलासाठी किती थांबावे लागेल हे शिक्षकाच्या हाती राहत नाही, कारण त्याचा थकवा ओसरण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीच्या विटा वाळत पडलेल्या असतात.